विलायती डाक आणि औरंगाबाद : पी. अँड ओ. आगबोट कंपनीच्या टपालसेवेचा एक अभ्यास

१. विषयप्रवेश

एकोणिसाव्या शतकातील दळणवळणाचा इतिहास लिहिताना आगबोटींचा विचार बंदरांच्या अनुषंगाने आणि टपालाचा विचार सरकारी खात्याच्या अनुषंगाने करण्याची प्रथा पडली आहे. त्यामुळे ह्या दोन गोष्टींचा सांधा कोठे होता आणि समुद्रापासून दूर असलेल्या प्रदेशांना त्या सांध्याचा अनुभव कसा आला, हा प्रश्न बहुधा बाजूस राहतो. मराठवाड्यासारख्या भूवेष्टित प्रदेशाचा आणि आगबोट कंपनीचा संबंध काय, असे प्रथमदर्शनी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या काळी लंडनचा हुकूम, लिव्हरपूलचा कापसाचा भाव आणि दूरदेशी गेलेल्या माणसाची खुशाली ही तिन्ही एकाच थैलीतून मुंबई बंदरात उतरत असत, त्या काळी आगबोटीच्या वेळापत्रकाचा अंमल बंदरापुरता मर्यादित राहणे शक्य नव्हते.

प्रस्तुत लेखात पेनिन्शुलर अँड ओरिएंटल स्टीम नॅव्हिगेशन कंपनी, म्हणजे सर्वांच्या तोंडी रुळलेली पी. अँड ओ. कंपनी, हिच्या मुंबईच्या टपालसेवेचा इतिहास थोडक्यात सांगून, त्या सेवेचा शेवटचा टप्पा औरंगाबादेपर्यंत कसा पोहोचत असे ह्याचा विचार केला आहे. आज छत्रपती संभाजीनगर ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहराचा उल्लेख त्या काळास अनुसरून औरंगाबाद असाच केला आहे. आमचे प्रतिपाद्य असे आहे की, विलायती डाकेची गती वाफेच्या यंत्राने शक्य केली हे खरे असले, तरी ती कोणास किती मिळावी हे यंत्राने ठरविले नाही. ते करारांनी, हद्दींनी आणि पैसा कोणाच्या हाती होता ह्या गोष्टीने ठरविले. औरंगाबादचे उदाहरण ह्या दृष्टीने विशेष बोलके आहे.

२. वाफेचा पहिला प्रयोग

आगबोटीपूर्वी विलायतेचे पत्र आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून शिडाच्या जहाजातून येई. वारा अनुकूल असला तर चार महिने, नसला तर सहा महिने अशी ह्या प्रवासाची स्थिती होती. पत्राचे उत्तर एका वर्षाच्या आत आले तर ते लवकर आले असे मानीत. ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांना हिंदुस्थानातील अधिकारी इतके स्वतंत्र वृत्तीने का वागत, ह्याचे एक उत्तर ह्या अंतरात आहे. हुकूम येऊन पोहोचेपर्यंत ज्या प्रसंगासाठी तो काढला तो प्रसंगच उरलेला नसे.

ही स्थिती पालटण्याचा मुंबईतील पहिला महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे ‘ह्यू लिंडसे’ ह्या आगबोटीचा प्रवास होय. ही ४११ टनांची आगबोट मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी बांधली आणि तिच्यावर प्रत्येकी ८० अश्वशक्तीची दोन यंत्रे बसविण्यात आली. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉन माल्कम ह्यांचा ह्या योजनेस पाठिंबा होता. कमांडर जॉन विल्सन ह्यांच्या हाताखाली ही बोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघाली आणि एडन, मोखा, जेद्दा व कुसैर ही ठिकाणे घेत सुमारे महिन्याभराने सुएझला पोहोचली. ह्यांपैकी बरेच दिवस वाटेत कोळसा भरण्यात गेले. बोटीच्या रचनेत जेवढ्या कोळशाची सोय होती त्याच्या जवळजवळ दुप्पट कोळसा तिच्यात कोंबावा लागला होता, आणि तरीही एडनला पोहोचताना तिच्यात अवघ्या सहा तासांपुरता कोळसा शिल्लक होता.

ही एकच गोष्ट पुढील अर्धशतकाचा इतिहास समजण्यास पुरेशी आहे. आगबोट वाऱ्याच्या गुलामगिरीतून सुटली, पण ती कोळशाच्या ताबेदारीत गेली. हा कोळसा विलायतेतून शिडाच्या जहाजांनी आणून वाटेवरील वखारींत साठवावा लागे. म्हणजे वाफेची गती ही शिडाच्या मंद गतीवरच उभी होती. खर्चाचा आकडा पाहून कंपनीच्या संचालकांनी असे प्रवास वारंवार करण्यास नाराजी दर्शविली. परंतु मुंबईच्या व्यापाऱ्यांनी आणि अधिकाऱ्यांनी एकदा दोन महिन्यांत पत्र पोहोचू शकते हे पाहिल्यावर त्यांची मागणी थांबणे शक्य नव्हते. १८३७ मध्ये ब्रिटिश सरकार व ईस्ट इंडिया कंपनी ह्यांनी खर्च वाटून घेऊन मुंबई–सुएझ मार्गावर नियमित डाक चालविण्याचे ठरविले, आणि जानेवारी १८३९ मध्ये एडन बंदर इंग्रजांनी बळाने घेतले. ह्या कृतीमागे इतर कारणेही होती. तथापि कोळशाच्या वखारीसाठी जागा हे त्यांतील एक प्रमुख कारण होते. पत्राच्या थैलीसाठी एक बंदर जिंकले गेले, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

३. कंपनीचा उदय आणि कराराचे स्वरूप

पी. अँड ओ. कंपनीचा जन्म हिंदुस्थानच्या व्यापारातून झाला नाही. ब्रोडी विलकॉक्स व आर्थर अँडरसन ह्या दोन भागीदारांनी इंग्लंड, स्पेन आणि पोर्तुगाल ह्यांच्या दरम्यान आगबोटी चालविण्यास आरंभ केला आणि १८३७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना त्या द्वीपकल्पाच्या डाकेचा करार मिळाला. कंपनीच्या नावातील ‘पेनिन्शुलर’ हा शब्द ह्या पहिल्या करारातून आला आहे. ३१ डिसेंबर १८४० रोजी राजसनद मिळाल्यावर नावात ‘ओरिएंटल’ हा शब्द आला, आणि सप्टेंबर १८४२ मध्ये ‘हिंदोस्तान’ ही सुमारे दोन हजार टनांची आगबोट साउदॅम्पटनहून कलकत्त्यास निघाली. सुएझ व कलकत्ता ह्यांच्यामधील डाक तेव्हापासून पी. अँड ओ.कडे आली. मुंबई–सुएझ मार्ग मात्र ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या आरमारी आगबोटींकडेच ठेवला.

येथे डाकेच्या कराराचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. कंपनीला सरकारकडून वर्षाला ठरावीक रक्कम मिळे. तिच्या मोबदल्यात बोट कोणत्या दिवशी निघावी, वाटेत किती तास थांबावी आणि कोणत्या दिवशी पोहोचावी हे सर्व आधीच लिहिलेले असे. उशीर झाल्यास दंड भरावा लागे. प्रारंभीच्या काळात प्रत्येक डाकबोटीवर आरमार खात्याचा एक प्रतिनिधी असे, आणि डाकेची देखरेख त्याच्याकडे असे. व्यापारी जहाज माल भरला म्हणजे निघते. डाकेचे जहाज वार आणि तास आला म्हणजे निघते, मग माल भरलेला असो वा नसो. नियमितपणा ही वस्तू सरकार विकत घेत होते, आणि कंपनी ती विकत होती. ह्या हमीच्या उत्पन्नावर कंपनीने प्रवासी आणि मौल्यवान माल ह्यांची वाहतूक उभारली. मुंबईहून चीनकडे जाणारी माळव्याची अफू हाही तिच्या उत्पन्नाचा एक मोठा भाग होता, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

ह्या रकमेचा भार कोणी उचलला? विलायतेच्या तिजोरीबरोबर हिंदुस्थानच्या महसुलावरही त्याचा हिस्सा टाकण्यात आला होता. विलायती डाकेचा उपयोग प्रामुख्याने सरकारी अधिकारी, लष्कर व युरोपीय व्यापारी ह्यांना होता. तिच्या खर्चात मात्र शेतसारा भरणाऱ्या रयतेचाही वाटा होता. इंग्लंड व हिंदुस्थान ह्यांच्यामधील खर्चाची वाटणी न्याय्य आहे काय, हा प्रश्न दादाभाई नौरोजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे सातत्याने मांडला. डाकेचे अनुदान हे त्या मोठ्या हिशेबातील एक कलम होते.

मुंबई मार्गावरील आरमारी आगबोटींचा कारभार खर्चिक आणि अनियमित ठरला. एकदा तर वाटेत आगबोट उपलब्ध नसल्याने मुंबईची डाक एका शिडाच्या गलबतावर चढवावी लागली आणि ते गलबत डाकेसह बुडाले. अशा तक्रारी वाढल्यावर १८५४–५५ च्या सुमारास मुंबईचा मार्गही पी. अँड ओ.च्या स्वाधीन करण्यात आला. पूर्वीपेक्षा पुष्कळच कमी खर्चात सेवा मिळू लागली, आणि त्याबरोबर मुंबई व विलायत ह्यांच्यामधील संपूर्ण दुवा एका खाजगी कंपनीच्या हाती गेला.

४. मिसरची वाट

सुएझ ते अलेक्झांड्रिया हा मिसर देशातील पट्टा ह्या मार्गाचा सर्वांत नाजूक भाग होता. थॉमस वॅगहॉर्न ह्या माजी नौसैनिकाने १८३० नंतर ह्या वाटेवर डाक नेण्याची व्यवस्था लावण्यासाठी आपले आयुष्य आणि पैसा खर्च केला. अलेक्झांड्रियाहून कालव्याच्या होडीने नाईलपर्यंत, नाईलमधून कैरोपर्यंत आणि तेथून सुमारे ८४ मैलांचे वाळवंट उंटावरून ओलांडून सुएझपर्यंत, अशी ती वाट होती. १८५८ पर्यंत कैरो–सुएझ लोहमार्ग पुरा झाला आणि उंटांचे काम संपले.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला. ह्या घटनेने पी. अँड ओ. कंपनीचा फायदा झाला असेल असे कोणालाही वाटेल. पण प्रारंभी तिला कालवा हे संकटच ठरले. कालव्याच्या दोन बाजूंना वेगवेगळी जहाजे ठेवून आणि मिसरमध्ये वखारी व विश्रांतिगृहे उभारून तिने जो पसारा मांडला होता तो एका दिवसात कालबाह्य झाला, आणि इतर कंपन्यांना सरळ मार्ग मिळाला. त्यातही ब्रिटिश टपाल खात्याने डाक रेल्वेनेच मिसर ओलांडावी असा आग्रह धरला. त्यामुळे कित्येक वर्षे बोट कालव्यातून आणि तिच्यातील डाक रेल्वेतून, असा विचित्र प्रकार चालू राहिला. १८८८ मध्ये डाक कालव्यातून नेण्यास मान्यता मिळाली. नवे साधन हाती आल्यावरही जुना करार कसा टिकून राहतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

कालवा खुला होण्याच्या दोन महिने आधीची एक दुर्घटना येथे सांगितली पाहिजे. पी. अँड ओ.ची ‘कर्नाटिक’ ही आगबोट डाक, उतारू आणि सुमारे ४०,००० पौंडांचे चलन घेऊन सुएझहून मुंबईकडे येत असता १२ सप्टेंबर १८६९ च्या रात्री तांबड्या समुद्रातील अबू नुहास ह्या प्रवाळाच्या खडकावर चढली. कंपनीची दुसरी बोट त्या वाटेने येण्याचे दिवस होते; म्हणून कप्तानाने उतारूंना बोटीवरच थांबविले. वेळापत्रकावरील त्याचा हा विश्वास घातक ठरला. १४ तारखेस बोट दुभंगली आणि ३१ माणसे दगावली. डाकेच्या नियमितपणाची केवढी सवय जडली होती, हे ह्या प्रसंगावरून दिसून येते.

ह्या बोटींवरील श्रमिक वर्गही येथे विसरून चालणार नाही. मुंबईहून भरती होणाऱ्या खलाशांत रत्नागिरी जिल्ह्यातील कोकणी मुसलमानांचे प्रमाण मोठे होते. वाढपी व आचारी ह्या कामांवर गोव्याचे ख्रिस्ती लोक असत. भट्टीपुढे कोळसा टाकण्याचे काम सिद्दी व पंजाबी मुसलमान करीत. युरोपीय खलाशांपेक्षा ह्या सर्वांचे वेतन पुष्कळच कमी असे. विलायती डाक ही इंग्रजांची असली, तरी ती वाहून आणणारे हात मोठ्या प्रमाणात पश्चिम किनाऱ्यावरचेच होते.

५. मुंबई : हिंदुस्थानचे टपालद्वार

१८६८ च्या आरंभी पी. अँड ओ.शी झालेल्या नव्या करारानुसार मुंबईला दर आठवड्याची डाक सुरू झाली. मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे ग्रेट इंडियन पेनिन्शुला व ईस्ट इंडियन ह्या दोन रेल्वेमार्गांची जोडणी झाली आणि कलकत्त्यास समुद्रमार्गे डाक नेण्याचे प्रयोजन उरले नाही. कलकत्ता ही राजधानी राहिली, परंतु राजधानीची पत्रेही मुंबईत उतरून रेल्वेने जाऊ लागली. मुंबईच्या एकोणिसाव्या शतकातील उत्कर्षाची कारणे सांगताना कापूस आणि गिरण्या ह्यांच्याबरोबर ह्या गोष्टीचाही उल्लेख झाला पाहिजे.

ह्याच १८६८ मध्ये सागरी टपाल कचेरी ही एक अभिनव संस्था सुरू झाली. मुंबईस येणाऱ्या डाकबोटीवर टपाल खात्याचे कर्मचारी चढत आणि समुद्रावरच पत्रांची प्रांतवार व रेल्वेमार्गवार वर्गवारी करीत. प्रथम सुएझपासून आणि पुढे एडनपासून हे काम चाले. पावसाळ्यात हेलकावणाऱ्या बोटीच्या पोटात, उष्णतेत आणि दिव्याच्या उजेडात ही सारी पत्रे निवडावी लागत. त्याचा लाभ असा की, बोट मुंबईला लागताच थैल्या थेट रेल्वेच्या डब्यांत चढविता येत. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू होताच ही कचेरी बंद पडली.

पावसाळ्याचा उल्लेख वर आला आहे. नैर्ऋत्येच्या वाऱ्याविरुद्ध एडनकडे जाणे प्रारंभीच्या आगबोटींना अत्यंत कठीण जाई. पुढे यंत्रे बलवान झाली, तरी जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांत मुंबईहून डाक निघण्याचा दिवस अलीकडे घेण्याची पद्धत चालू राहिली. वेळापत्रकाने वाऱ्यावर मात केली नाही. त्याने वाऱ्यासाठी जागा राखून ठेवली.

गतीचा हिशेब ढोबळ मानाने असा मांडता येईल : १८३० मध्ये लंडन व मुंबई ह्यांमध्ये सुमारे दोन महिने, १८६८ च्या सुमारास साडेतीन आठवडे, कालव्याची वाट रुळल्यावर सतरा-अठरा दिवस, आणि १९१४ च्या सुमारास, इटलीतील ब्रिंदिसी बंदरापर्यंत रेल्वेने आलेल्या डाकेस, जेमतेम दोन आठवडे.

६. नांदगाव ते औरंगाबाद

आता ही थैली मुंबईहून औरंगाबादेस कशी येत असे ते पाहू. १८६५ मध्ये थळ घाटातील लोहमार्ग पुरा झाल्यावर मुंबईहून नांदगावपर्यंतचा सुमारे १७८ मैलांचा प्रवास अखंड रेल्वेने होऊ लागला. नांदगाव हे नाशिक जिल्ह्यातील, म्हणजे इंग्रजी हद्दीतील स्थानक. तेथून औरंगाबाद ५६ मैल, आणि ही वाट निजामाच्या मुलखातून जाणारी. वेरूळची लेणी पाहण्यास येणारे युरोपीय प्रवासीही मुंबईत डाकबोटीतून उतरून नांदगावपर्यंत रेल्वेने आणि पुढे टांग्याने ह्याच वाटेने येत. त्यांच्यासाठी छापलेल्या प्रवासपुस्तकांत ही अंतरे दिलेली आढळतात.

ताशी सहा-सात मैल ही टांग्याची बरी चाल मानली, तर रेल्वेने १७८ मैलांना जेवढा वेळ लागे जवळजवळ तेवढाच ह्या ५६ मैलांना लागे. शिवनेसारख्या नद्यांना पूर आला म्हणजे त्याहूनही अधिक. तांबड्या समुद्रात एकेका तासासाठी दंड आकारणारी व्यवस्था नांदगावच्या पुढे हरकाऱ्याच्या पायांवर आणि घोड्याच्या दमावर सोपविलेली होती. हा दोष हरकाऱ्यांचा नव्हे. वेगाची हमी जेथपर्यंत विकत घेतली होती तेथपर्यंतच ती चालली. त्यापुढील अंतरासाठी कोणी करार केला नव्हता.

शिवाय येथे दोन टपालव्यवस्था एकमेकींशेजारी नांदत होत्या. निजाम सरकारचे स्वतःचे टपाल खाते होते आणि १८६९ पासून त्याची स्वतःची तिकिटेही होती. १८७० नंतरच्या तिकिटांवर फारसीबरोबर इंग्रजी, तेलुगू आणि देवनागरी अक्षरे छापलेली असत. मराठवाड्याच्या रयतेची लिपी राज्याच्या तिकिटावर आली ही भाषेतिहासाच्या दृष्टीनेही लक्षणीय गोष्ट आहे. परंतु हे तिकीट संस्थानाच्या हद्दीपलीकडे चालत नसे. मुंबई, पुणे किंवा लंडन येथे पत्र पाठवावयाचे तर इंग्रज सरकारच्या टपालघरात जाऊन इंग्रजी तिकीट लावावे लागे. छावणीसारख्या ठिकाणी अशी टपालघरे होती, आणि छावणीची वस्ती हीच विलायती डाकेची मुख्य गिऱ्हाईक होती. १ जुलै १८७६ रोजी हिंदुस्थान जागतिक टपालसंघात सामील झाला, १८९१ पासून विलायतेच्या पत्रास अडीच आणे पडू लागले आणि २५ डिसेंबर १८९८ पासून साम्राज्यांतर्गत अर्ध्या औंसाच्या पत्राला एक आणा असा दर झाला. ह्या सवलती औरंगाबादेतील माणसाला मिळत, पण त्या इंग्रजी खिडकीवर. एकाच शहरातील एकाच माणसाचे पत्र कोठे जाणार ह्यावर तो कोणाचा प्रजाजन ठरावा, असा हा प्रकार होता.

ही स्थिती १९०० च्या सुमारास पालटली. मनमाडपासून औरंगाबाद, जालना, परभणी व नांदेड ह्या बाजूने सिकंदराबादपर्यंत जाणारा हैदराबाद–गोदावरी खोरे लोहमार्ग सुरू झाला आणि नांदगावची वाट मागे पडली. मनमाडला मोठ्या रुळाच्या गाडीतून मीटर मापाच्या गाडीत थैल्या बदलाव्या लागत. तरीही मुंबईत उतरलेली डाक दुसऱ्या दिवशी औरंगाबादेस येणे शक्य झाले. टपालातील दोन राज्यांची हद्द मात्र कायम राहिली. हैदराबाद संस्थानाचे टपाल खाते १ एप्रिल १९५० रोजी भारतीय टपाल खात्यात विलीन झाले तेव्हाच ती पुसली गेली.

७. डाकेचे परिणाम : तीन प्रसंग

डाकेच्या गतीचा प्रत्यक्ष जीवनाशी काय संबंध होता, हे तीन प्रसंगांवरून स्पष्ट होईल.

पहिला प्रसंग १८५७ चा. १० मे रोजी मीरतला उठाव झाला. जूनमध्ये औरंगाबादेतील हैदराबाद कंटिन्जंटच्या पहिल्या रिसाल्यात असंतोष उफाळला आणि पुण्याकडून आलेले जनरल वुडबर्न ह्यांचे सैन्य २४ जून रोजी येथे दाखल झाले. ह्याच आठवड्याच्या अखेरीस लंडनच्या लोकांना मीरतची पहिली बातमी कळत होती. म्हणजे औरंगाबादेतील शिपायांवर तोफा रोखल्या गेल्या तेव्हा लंडनच्या मंत्रिमंडळाला हिंदुस्थानात काही घडले आहे ह्याचीही वार्ता नव्हती. डाकेची गती वाढली असली तरी जीवन-मरणाचे निर्णय अद्याप स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती होते. पुढे १८६५ मध्ये इराणी आखातातून आणि १८७० मध्ये तांबड्या समुद्रातून तारेचा संबंध जोडला गेला, तेव्हा हुकूम डाकेच्या पुढे धावू लागला. डाकेकडे उरले ते सविस्तर खलिते, हिशेब, वर्तमानपत्रे आणि खाजगी पत्रे.

दुसरा प्रसंग कापसाचा. १८६१ ते १८६५ ह्या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लिव्हरपूलला हिंदुस्थानी कापसाची मागणी अतोनात वाढली. तारेचा संबंध जुळण्यापूर्वी तेथील भाव मुंबईला समजे तो डाकबोटीनेच. बोट लागली की मुंबईचा बाजार हाले आणि त्याचा धक्का जालना व वऱ्हाड येथील पेठांपर्यंत पोहोचे. मुंबईच्या पेढीवाल्यास भाव आधी कळे. पेठेतील आडत्यास नंतर. शेतकऱ्यास सर्वांत शेवटी. वार्ता पोहोचण्यातील ह्या अंतरातच नफा दडलेला होता. युद्ध संपताच भाव कोसळले, तेव्हाही सर्वांत शेवटी सावध झालेला माणूस शेतकरीच होता.

तिसरा प्रसंग ह्या दोहोंच्या उलट दिशेचा आहे. जी डाक राज्यकर्त्यांच्या सोयीसाठी निर्माण झाली, तिचा उपयोग राज्यकर्त्यांकडे दाद मागण्यासाठी होऊ लागला. सातारचे पदच्युत छत्रपती प्रतापसिंह महाराज ह्यांचे वकील रंगो बापूजी १८४० ते १८५३ ह्या काळात लंडनमध्ये राहून आपल्या धन्याची बाजू मांडीत होते. ज्या काळी हिंदुस्थानातून उत्तर येण्यास वर्ष लागे त्या काळी असा दीर्घ लढा चालविणे जवळजवळ अशक्य होते. पुढे आनंदीबाई जोशी आणि न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर ह्यांच्यात १८८० पासून जो पत्रव्यवहार झाला आणि ज्यातून एका मराठी स्त्रीच्या वैद्यकीय शिक्षणाची वाट निघाली, तोही ह्याच टपालयुगाचे अपत्य होय.

ह्या मालिकेतील सर्वांत अर्थपूर्ण घटना १९३० मधील आहे. पहिल्या गोलमेज परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर ४ ऑक्टोबर १९३० रोजी मुंबईहून ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ ह्या बोटीने निघाले, आणि दुसऱ्या परिषदेसाठी १५ ऑगस्ट १९३१ रोजी ‘मुलतान’ ह्या बोटीने. दोन्ही बोटी पी. अँड ओ.च्या होत्या. दुसऱ्या परिषदेसाठी महात्मा गांधी त्याच महिन्याच्या २९ तारखेस ‘राजपुताना’ ह्या त्याच कंपनीच्या बोटीने गेले. साम्राज्याने आपले हुकूम वाहण्यासाठी जी बोट बांधली, तिच्यातूनच साम्राज्यापुढे अस्पृश्यांच्या हक्कांची मागणी मांडणारा पुरुष लंडनला गेला; आणि प्रवासातून व लंडनहून त्यांनी आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेली मराठी पत्रे आज आपल्या इतिहासाची साधने झाली आहेत. १९५० मध्ये त्याच पुरुषाच्या प्रेरणेने औरंगाबादेस महाविद्यालय सुरू झाले आणि १९९४ पासून येथील विद्यापीठास त्यांचे नाव आहे, ही गोष्ट ह्या शहरातील अभ्यासकास विसरता येणार नाही.

८. उपसंहार

३० मार्च १९२९ रोजी लंडन–कराची विमानडाक सुरू झाली, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी टाटांच्या विमानाने कराचीची डाक मुंबईस आणली आणि १९३८ मध्ये साम्राज्यांतर्गत पत्रे जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात ‘राजपुताना’ १९४१ मध्ये आणि ‘व्हाइसरॉय ऑफ इंडिया’ १९४२ मध्ये पाणबुड्यांच्या माऱ्याने बुडाल्या. कंपनीच्या मुंबईतील अस्तित्वाची एक ठळक खूण म्हणजे माझगाव गोदी. ती १९६० मध्ये भारत सरकारने ताब्यात घेतली आणि तेथे पुढे भारतीय नौदलाच्या युद्धनौका बांधल्या गेल्या.

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतील. विलायती डाकेचा नियमितपणा हा केवळ यंत्राचा विजय नव्हता. अनुदान, दंड व वखारी ह्यांच्या साहाय्याने उभारलेली ती एक राजकीय व्यवस्था होती आणि तिचा खर्च ज्यांनी भरला त्यांतील बहुसंख्यांनी तिचा कधी उपयोग केला नाही. तिचा वेग सर्वत्र सारखा नव्हता. समुद्रावर मोजलेले तास नांदगावच्या रस्त्यावर सांडून जात, आणि औरंगाबादेत पत्र टाकणाऱ्यास कोणत्या सरकारच्या खिडकीवर उभे राहावे हे आधी ठरवावे लागे. तरीही दळणवळणाचे साधन निर्मात्याच्या हेतूशी बांधलेले राहत नाही. एका आण्याचे तिकीट ज्याला परवडले त्याने त्या थैलीत आपली तक्रार, आपली विद्या आणि आपली मागणीही घातली.

मराठवाड्याचा इतिहास लिहिताना रस्ते, रेल्वे व टपाल ह्यांची नोंद बहुधा ‘सुधारणा’ ह्या सदराखाली एका परिच्छेदात आटोपली जाते. त्याऐवजी प्रत्येक सुधारणेविषयी ती कोणासाठी झाली, तिचा पैसा कोठून आला आणि ती कोणत्या वेशीपाशी थांबली हे तीन प्रश्न विचारले, तर जिल्ह्याजिल्ह्यांतील जुन्या टपालघरांच्या नोंदी, पेढ्यांच्या वह्या आणि घराघरांतील पत्रांची गाठोडी ही पुष्कळ बोलू लागतील. हैदराबाद–गोदावरी लोहमार्गावरील गावांपासून ह्या कामास आरंभ करणे सर्वांत सोयीचे होईल.